पोटरीवरची जाळी



या आठवड्यात खरे तर हरभऱ्यावरच्या घाटेअळीविषयी लिहायचे ठरले होते. कामगंध सापळे एकरी किती लावावेत, हे विचारणारी पत्रेही येऊन पडली आहेत. पण गेल्या पंधरवड्यात दोन गोष्टी अशा घडल्या की, अळीला आठ दिवस बाजूला ठेवून मी आज माणसाच्या कातडीविषयी लिहायला बसलो आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याला कातडीतले काय कळते, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. मी डॉक्टर नाही. बी. एस्सी. ॲग्री. झालेला माणूस; पानावरचा करपा ओळखण्यात हयात गेली. पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या पायावर जो करपा पडतो तो मी लहानपणापासून पाहत आलो, आणि एकदा त्याची मोठी किंमत आमच्या घराने मोजली. म्हणून हे धाडस. यातले वैद्यकाचे जेवढे आहे तेवढे डॉक्टरांना विचारून घेतले आहे.

पहिली गोष्ट माझ्याच पाठीची. तीस वर्षे मोटारसायकलवरून गावोगाव फिरून कमरेचे मणके कुरकुरू लागले आहेत. दिवाळीला मुलाने विजेवर तापणारा शेकाचा पट्टा आणून दिला. आधी झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे घेत होतो. मग अर्धा तास. पुढे पुढे पट्टा कमरेखाली घेतल्याशिवाय झोपच येईना, आणि रात्रभर तो तसाच चालू राहू लागला. एके दिवशी सकाळी आंघोळीला निघालो, तर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, थांबा बघू. पाठीवर हे काय उमटलंय? बाजेवर निजला होता का?"

बाज आमच्या घरातून जाऊन पंधरा वर्षे झाली. आरशाकडे पाठ करून, मान वळवून पाहिले. कमरेच्या वर तांबूस-तपकिरी रेघांची जाळी, कोळ्याने पाण्यात टाकावी तशी. दुखत नव्हते, खाजत नव्हते. पण पाहताक्षणी पोटात गोळा आला, कारण ती जाळी माझ्या ओळखीची होती.

त्यानंतर चारच दिवसांनी एका वस्तीवर महिला बचत गटाच्या बैठकीला गेलो. विषय परसबागेतल्या वाफ्यांचा. ओसरीच्या कडेला एक आजी बसल्या होत्या. लुगडे सावरताना त्यांची उजवी पोटरी दिसली. तीच जाळी, पण जुनी, काळी पडलेली, आणि तिच्या खालच्या टोकाला चिंधी बांधलेली.

"आजी, काय झालंय पायाला?"

"काय न्हाई ओ सायेब. चुलीम्होरं बसनाऱ्या बाईचं पाय असंच असत्यात."

हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी २००६ साली आमच्या नानीच्या तोंडून ऐकले होते.

नानी म्हणजे माझी थोरली चुलती. आमचे खटले मोठे, अठरा माणसांचे. पहाटे पाचला चूल पेटायची ती दुपारपर्यंत विझत नसे. दोन्ही वेळच्या मिळून साठ-सत्तर भाकरी, शिवाय सगळ्यांच्या आंघोळीचे पाणी आणि म्हशींचे आंबोण. पाच जावांत भाकरीचा मान नानीचा. ती पाटावर बसायची तेही कायम एकाच तऱ्हेने. डावा पाय आडवा दुमडलेला, उजवा गुडघा उभा. लुगड्याने पेट घेऊ नये म्हणून ते वर खोचलेले. म्हणजे उजवी नडगी उघडी, आणि चुलीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. असे चाळीसएक वर्षे. तिच्या नडगीवरची काळी नक्षी आम्हा पोरांना गोंदणच वाटायची. डाव्या पायावर तसे गोंदण का नाही, हे कोणाच्या डोक्यात आले नाही.

२००६ च्या पावसाळ्यात त्या नक्षीत चामखिळीसारखे काहीतरी खरखरीत उगवले. नखाने खरवडले की खपली निघे, चार दिवसांत पुन्हा धरे. मग तिथून पाणी सुटू लागले. मी ते पाहिले होते. मीच तालुक्याहून जंतुनाशक मलमाची ट्यूब आणून दिली होती. कोणी हळद भरा म्हटले, कोणी कसला पाला वाटून बांधायला सांगितला. एका दवाखान्यात दर आठवड्याला पट्टी बदलून एक सुई दिली जाई. भाद्रपद गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. जखमेच्या कडा उंच आणि टणक झाल्या, मध्ये खड्डा. वास येऊ लागला तेव्हा नानी आपण होऊनच चुलीपासून उठली आणि माजघरात एका कोपऱ्यात बसू लागली. घरातले जेवताना तिला लाज वाटायची.

फाल्गुनात तिला जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरांनी जखमेकडे पाहिले, मग बराच वेळ जखमेभोवतीच्या जाळीकडे पाहिले आणि विचारले, "आजी, स्वयंपाक चुलीवर का? कोणत्या अंगाने बसता?" नानीने जमिनीवर बसून दाखवले. डॉक्टरांनी जांघेत गाठ आहे का ते चाचपले आणि जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. तो हाडापर्यंत उतरला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही तर शिकलेले दिसता. सात महिने काय करीत होता?"

सात महिने मी गावोगाव जाऊन सांगत होतो की, पान उलटून बघा, कीड मागच्या बाजूला असते. नुकसान दिसेपर्यंत थांबू नका. आणि घरात ट्यूब देऊन मोकळा झालो होतो.

नानी त्यानंतर नऊ वर्षे जगली. जयपूर फूट लावून अंगणात फिरायची, नातवंडांवर ओरडायची. गेली ती म्हातारपणाने. तेव्हा कॅन्सर म्हणजे सगळे संपले असे नाही, हेही यात आले. पण सात महिन्यांऐवजी एका महिन्यात नेले असते तर कदाचित तेवढी कातडी काढून, तिथे मांडीची कातडी लावून भागले असते, असे डॉक्टर म्हणाले होते. ते मी विसरलेलो नाही.

आता हे होते कसे ते पाहू. भाजणे आपल्याला कळते. निखाऱ्याला हात लागला की फोड येतो, आपण हात मागे घेतो. पण त्याच्या अलीकडे उष्णतेची एक पायरी असते. साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअस. आंघोळीच्या कढत पाण्यापेक्षा थोडी जास्त. या उष्णतेने फोड येत नाही, लगेच चटकाही बसत नाही. उलट थंडीत बरे वाटते. बरे वाटते म्हणून माणूस तिथून हलत नाही. रोज तासन्तास, महिनोन्महिने अशी धग एकाच जागी लागत राहिली की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फुगतात. त्या वाहिन्यांची रचनाच जाळीसारखी असते, म्हणून वर उमटते तीही जाळी. सुरुवातीला ती तांबूस असते आणि धग बंद झाली की नाहीशी होते. पुढे वाहिन्यांतून पाझरलेल्या रक्तातले लोह कातडीत साचते, कातडी स्वतःचा काळा रंगही जास्त तयार करते, आणि जाळी पक्की होते. रंगाने काही बिघडत नाही. पण त्याच वेळी कातडीचे ताणले जाणारे धागे तुटतात, तिच्या पेशींना इजा होते. वर्षानुवर्षे इजा, दुरुस्ती, पुन्हा इजा असे चालले की एखादी पेशी वाट चुकते, आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते.

डाळिंबवाल्यांना हे लगेच समजेल. पश्चिमेच्या अंगाची फळे उन्हाने चट्टे पडून वाया जातात. ते फळ काही एका दुपारी भाजत नाही. रोज तीच बाजू उन्हाकडे, म्हणून साल आधी पिवळट, मग तपकिरी, मग कडक होते आणि तडकते. त्याच झाडावर पानाआड लपलेले फळ मात्र तुळतुळीत असते. नानीचा डावा पाय असाच आडोशाला होता.

आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांनी आपली पिल्ले आठवावीत. पहिल्या आठवड्यात आपण ब्रूडरखाली ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस उष्णता देतो आणि दर आठवड्याला पाच अंश फॅरनहाइटने उतरवीत नेतो. उष्णता जास्त झाली की पिल्ले आपोआप दिव्यापासून लांब कडेला सरकतात. एका दिवसाच्या पिल्लाला ही अक्कल असते. बाईला नसते असे नाही हो. तिला सरकता येत नाही. तव्यावर भाकरी असते.

डॉक्टर लोक या जाळीला 'एरिथेमा अब इग्ने' म्हणतात. लॅटिन नाव आहे, पण अर्थ सरळ आहे: आगीमुळे आलेली लाली. युरोपात घरे नळांनी उबवायची सोय होण्यापूर्वी कोळशाच्या किंवा पीट नावाच्या जळणाच्या आगीपुढे बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या नडग्यांवर ही सर्रास दिसे. आपल्या देशात मात्र तिची सर्वांत प्रसिद्ध हकीकत काश्मीरची आहे. हिवाळ्यात तिथले लोक कांगडी वापरतात. वेताच्या परडीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात निखारे. वर फेरन नावाचा पायघोळ झगा आणि आत पोटाशी किंवा दोन मांड्यांच्या मध्ये ही कांगडी. एका अभ्यास सहलीत मी ती पाहिली आहे. मोठी सुबक वस्तू, आणि त्या थंडीत माणसाला जगवणारी.

पण या कांगडीने पोटावर आणि मांडीवर आधी जाळी येते आणि काहींना पुढे त्याच जागी कॅन्सर होतो, हे एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ साली 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये लिहून ठेवले आहे. त्यानंतर श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी १९२३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये यावर लेख लिहिला आणि कॅन्सरचे एक कारण म्हणून कांगडीकडे बोट दाखवले. त्यातला मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. कातडीचा कॅन्सर एरवी गोऱ्या लोकांना उन्हामुळे चेहऱ्यावर, कानावर होताना दिसे. इथे तो अशा जागी होत होता जिथे ऊन कधी पडत नाही. जपानात पोटाशी बांधायची 'कैरो' नावाची शेकडबी होती, उत्तर चीनमध्ये झोपण्यासाठी खालून तापवलेला विटांचा ओटा असतो, त्याला 'कांग' म्हणतात. तिथेही हाच अनुभव लिहिला गेला. काश्मिरात पोटाला, चीनमध्ये कमरेला आणि मांडीच्या बाजूला, आमच्याकडे नडगीला. जिथे धग, तिथे डाग.

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. चुलीपुढे बसणाऱ्या लाखो बायकांच्या पायांवर अशी जाळी असते, आणि त्यांपैकी बहुतेकींना पुढे काहीही होत नाही. कॅन्सर थोड्यांनाच होतो, तोही बऱ्याच वर्षांनी. पण जाळी म्हणजे कातडीने दिलेली नोटीस आहे. नोटीस आल्यावर काय करायचे, हा प्रश्न आहे.

पहिले काम धग तोडणे. त्याला औषध नाही आणि लागतही नाही. जाळी ताजी, तांबूस असेल तर काही महिन्यांत ती आपोआप फिकी होते. जुनी काळी जाळी पुरती जात नाही, पण वाढायची थांबते. तिच्यावर मलमे चोळण्यात पैसे घालवू नयेत.

आता चुलीचे बोलू. तुम्ही म्हणाल, साहेब, गॅस आला. आला खरा. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, तिने बऱ्याच घरांत शेगडी गेली. पण मी ज्या घरांत जातो तिथे चहा आणि कालवण गॅसवर, आणि भाकरी, आंघोळीचे पाणी, आंबोण चुलीवर, असा मेळ असतो. सिलिंडर पुरवायचा तर दुसरे काय करणार? आणि चुलीवरच्या भाकरीची चव म्हणून पुरुष मंडळी जो हट्ट धरतात, त्यांनी एकदा हातात बॅटरी घेऊन घरातल्या बायकांच्या नडग्या बघाव्यात. आमच्या खात्याचीही यात चूक आहे. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही निर्धूर चुलींच्या प्रात्यक्षिकांना हजर असे. धुराचे धुराडे झाले, डोळ्यांचे पाणी थांबले, ते मोठेच काम होते. पण चुलीचे तोंड होते तिथेच राहिले, जमिनीलगत, बाईच्या नडगीसमोर. आम्ही धूर मोजला, धग मोजली नाही.

जिथे जागा आहे तिथे चूल ओट्यावर घ्यावी आणि उभ्याने स्वयंपाक करावा. हे सर्वांत चांगले. ओट्याला पुढून भिंत असते, तीच पायांना आडोसा होते. ते जमत नसेल तर दुसरा उपाय स्वस्त आहे. चुलीच्या तोंडाच्या ज्या अंगाला तुमचा गुडघा येतो, तिथे तीन-चार विटा उभ्या लावून नऊ इंच उंचीची, हातभर लांबीची भिंत घाला आणि ती मातीने लिंपून घ्या. लाकडे सारायला समोरची जागा मोकळी ठेवा. पत्रा लावू नका. तो स्वतःच तापतो आणि धग तुमच्याकडे फेकतो. विटेची भिंत मागच्या बाजूने निवांत राहते. २०१९ साली मी एका गावात एका सुनेला अशी भिंत घालून दाखवली. तिच्या पोटरीवर तीन वर्षांची जाळी होती. तिची सासू आधी म्हणाली, "चुलीला कुंपन कुनी बगितलंय का?" पुढे आठ-नऊ महिन्यांनी गेलो तेव्हा जाळीचा रंग निम्म्याने उतरला होता, आणि सासूने आपल्या लेकीच्या सासरी जाऊन तिथेही भिंत घालून दिली होती.

भिंतही नको असेल तर निदान अंतर वाढवा. वीतभराचे हातभर केले, म्हणजे अंतर दुप्पट झाले, की लागणारी धग जवळजवळ चौथाईवर येते. लांब उलथणे, लांब चिमटा घ्या. आणि बसण्याची बाजू बदला, एक दिवस डावा गुडघा पुढे, एक दिवस उजवा. सवय मोडायला महिना जाईल. पायावर जाड गोधडी टाकून बसतो असे कोणी सांगतात, ते मात्र करू नका. चुलीपाशी सैल कापड म्हणजे दुसरेच संकट.

गुऱ्हाळवाल्यांना वेगळे सांगायला हवे. चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडे सारणारा माणूस हंगामभर, रोज आठ-दहा तास त्या आगीसमोर असतो. गुळव्याचे सगळे लक्ष काहिलीतल्या पाकावर, मालकाचे लक्ष ढेपेच्या रंगावर. खाली बसलेल्याच्या नडग्यांकडे आणि हातांकडे कोणी पाहत नाही. दर दोन तासांनी माणूस बदला. तोंडाजवळ कमरेएवढी आडभिंत घाला. लोहार, भट्टीवाले, हॉटेलात तंदुरीपुढे राबणारी आपल्या गावची पोरे, यांनाही हेच.

रब्बीच्या पाण्याला रात्रीची वीज आली की शेकोटी पेटतेच. तिला कोण नाही म्हणेल? पण शेकोटीत पाय घालून झोपू नये, एवढेच सांगतो.

बाळंतिणीच्या शेकाचा विषय नाजूक आहे, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना राग येईल. बाजेखाली शेगडी ठेवून सव्वा महिना शेक देण्याची चाल अजून कित्येक घरांत आहे. त्यामागे माया आहे, हे मला ठाऊक आहे. पण बंद खोलीत निखाऱ्याचा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, त्याने माय-लेकरू झोपेतच दगावू शकते. आणि बाळाची कातडी इतकी कोवळी असते की जी ऊब आपल्याला बरी वाटते ती त्याला भाजते. गोधडीत गुंडाळून आईच्या अंगाशी धरलेल्या बाळाला तीच ऊब पुरते. आशाताईंना विचारा, त्या समजावून सांगतील.

विजेचा पट्टा आणि गरम पाण्याची पिशवी ही आताची शेगडी. माझ्यासारखे कंबरवाले, गुडघेवाले घरोघर आहेत. पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, नंतर काढून ठेवायची. घेऊन झोपायचे नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी पायांना शेक घेऊच नये. त्यांना फोड आला तरी कळत नाही. शिकणारी मुले लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्तास बसतात, त्यांच्या मांडीवरही हीच जाळी उमटल्याची उदाहरणे डॉक्टरांनी नोंदवली आहेत. टेबल नसेल तर खाली पाट घ्या.

आणखी एक गोष्ट मला पाठ दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितली, ती मला फार महत्त्वाची वाटली. जाळी पाहिली की त्यांचा दुसरा प्रश्न असतो, "शेक कशासाठी घेता?" कोणी महिनोन्महिने पोट शेकत असेल, तर पोटात दुखणे का आहे ते शोधले पाहिजे. कोणाला सगळ्यांपेक्षा जास्त थंडी वाजत असेल आणि तो सारखा आगीजवळ जात असेल, तर त्याच्या अंगात रक्त कमी आहे का, थायरॉइडचा दोष आहे का, हे तपासले पाहिजे. झाड पिवळे पडले की आपण नुसते पान पाहत नाही, मूळ उकरतो, तसेच हे.

आता कधी उठून दवाखान्यात जायचे ते नीट ध्यानात ठेवा. जाळीच्या जागी कातडी खरखरीत, जाड झाली, चामखिळीसारखे उगवले, खपली पडून पुन्हा पुन्हा धरू लागली, जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, कडा टणक झाल्या, रक्त किंवा वासाचे पाणी येऊ लागले, जांघेत गाठ लागली. यातले एकही दिसले तरी थांबू नका. पूर्वी कधी भाजून राहिलेल्या जुन्या वणावर अशी जखम झाली तरी हाच नियम. हळद, चुना, राख, पाला काहीही लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना सांगा, "इथे वर्षानुवर्षे धग लागली आहे." हे वाक्य विसरू नका. त्याने पुढची दिशा ठरते. ते तुकडा काढून तपासायचे म्हणतील. तुकडा काढला की रोग पसरतो, असे गावात ठाम बोलले जाते. ते खरे नाही. तुकडा काढल्याशिवाय रोग कोणता हे कळत नाही, आणि न कळता गेलेले महिनेच नुकसान करतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांची सोय आहे. जाताना रेशन कार्ड आणि आधार कार्ड जवळ ठेवा, रुग्णालयात योजनेचा माणूस कुठे बसतो ते विचारा.

वस्तीवरच्या त्या आजींच्या पायाची चिंधी मी त्या दिवशी सोडायला लावली. रुपयाएवढी जखम होती, कडा थोड्या वर आलेल्या. किती दिवस झाले विचारले तर म्हणाल्या, "दसऱ्यापास्नं." मुलगा ऊस तोडणीच्या घाईत. "टोळी गेली की बगू सायेब," म्हणाला. टोळी जायला दीड महिना होता. मी त्याला नानीची हकीकत सांगितली, पाय काढल्यापर्यंतची सगळी. तो काही बोलला नाही. पण गेल्या मंगळवारी गावच्या आशाताईंचा फोन आला की, आजींना घेऊन तो स्वतः तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात गेला होता, तिथून जिल्ह्याला पाठवले, तुकडा काढला आहे, आणि अहवाल यायला आठ-दहा दिवस लागतील.

परवा त्या बाजूला गेलो होतो म्हणून वस्तीवर डोकावलो. आजी ओसरीवरच होत्या, पायाला पांढरी पट्टी. चुलीपुढे सून बसली होती आणि तिच्या गुडघ्याच्या बाजूला दोन विटा नुसत्याच उभ्या करून ठेवल्या होत्या, लिंपायच्या राहिल्या होत्या. मला बघून आजी म्हणाल्या, "सायेब, त्या दिशी पायाच्या नादात मेथीच्या वाफ्याचं ऱ्हाऊनच गेलं बगा. बी फोकायचं का वळीनं टाकायचं?"

ओळीने टाका म्हणालो, खुरपायला सोपे जाते. माझा पट्टा सध्या कपाटात आहे आणि पाठीवरची जाळी सौ. दर रविवारी बघतात. हरभऱ्याची घाटेअळी पुढच्या अंकात नक्की. तोवर शेतात इंग्रजी टी आकाराचे पक्षिथांबे उभे करून ठेवा.